कामकऱ्याची वंशावळ आणि जुने कागद



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावर इतिहास सांगायचा तो पंडितांनी, असा आपला रिवाज आहे. आम्ही पंडित नाही. शाळेची पायरी आम्ही लवकर उतरलो. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून. तेव्हा राजेमहाराजांचा इतिहास आम्ही सांगणार नाही. आमचा विषय साधा आहे. आपल्यासारख्या सामान्य घराचा इतिहास जुन्या सरकारी कागदांत कोठे सापडतो, आणि सापडलेला कागद वाचावा कसा, एवढेच आज सांगायचे आहे.

कोणी विचारील, कामगार चळवळीच्या माणसाला वंशावळीचे हे वेड कशाला? सांगतो. आमच्याकडे पूर्वी माणसे येत ती पगाराची, बोनसची, कामावरून काढल्याची तक्रार घेऊन. आजही येतात. पण उन्हाळा सरून कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की दुसरीच रांग लागते. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत चारपाच जीर्ण कागद, आणि तोंडी एकच प्रश्न: “भाऊ, आजोबांचा कागद कुठं मिळंल?” मुलीचा प्रवेश अडलेला असतो, मुलाची नोकरी टांगणीला लागलेली असते. महाराष्ट्राचा २००१ चा तेविसावा कायदा असे सांगतो की, जातीचा दावा करणाऱ्यानेच तो सिद्ध केला पाहिजे. मग तारखा येतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीचा कागद म्हणजे बाप किंवा आजा यांच्या नावाचा कागद. ज्याच्या आजाने जन्मात सही केली नाही, अंगठाच उठवला, त्याच्या नातवाला आजाचा लेखी पुरावा मागितला जातो! आणि गंमत अशी की, पुष्कळदा तो पुरावा असतो. तो कोठे आहे हे ठाऊक नसते. आणि समोर आला तरी वाचता येत नाही.

श्रीमंतांची वंशावळ त्यांच्या घरी असते. सनदा असतात, इनामपत्रे असतात, देवघरात कुळाचा कागद गुंडाळून ठेवलेला असतो. ज्याला तीर्थयात्रा परवडली, त्याचे नाव काशी, प्रयाग, नाशिक, त्र्यंबकेश्वर येथल्या उपाध्यायांच्या वहीत उतरलेले असते. कामकऱ्याच्या घरी यांतले काही नाही. पण म्हणून त्याचे नाव कोणी लिहिलेच नाही असे समजू नका. ज्याने त्याच्याकडून सारा घेतला, त्याने लिहिले. ज्याने त्याला वेठीला धरले, त्याने लिहिले. ज्याने त्याच्या घरच्या मयताची मोजदाद केली, ज्याने त्याला कामावर घेऊन तिकीट नंबर दिला, त्या सर्वांनी लिहिले. गरिबाची वंशावळ त्याच्या घरी नसून त्याला मोजणाऱ्यांच्या घरी आहे. आजच्या व्याख्यानाचे सार एवढ्यात आले. बाकीचे सगळे याचाच विस्तार आहे.

म्हणून जुना कागद हाती घेतला की त्यात आपले नाव शोधण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. हा कोणी लिहिला? कशासाठी लिहिला? आणि लिहिणाऱ्याला माहिती कोणी सांगितली? हे तीन प्रश्न ज्याने पाठ केले, त्याला कागद फसवू शकत नाही.

पहिला प्रश्न राज्याचा. नागपूरचा तिसरा रघूजी भोसला १८५३ च्या डिसेंबरात वारला आणि डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला. इकडे वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडले गेले. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. १९५६ पर्यंत आपले नागपूर मध्यप्रदेशाची राजधानी होते! ही सनावळी परीक्षेसाठी सांगत नाही. तुमचा पणजा वर्धा नदीच्या कोणत्या बाजूला राहत होता, यावर त्याचा कागद अवलंबून आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा या बाजूला मालगुजारी होती. गावाचा मालक मालगुजार, आणि रयत त्याच्या हाताखाली. इथे खसरा, खतौनी, जमाबंदी आणि बंदोबस्ताची मिसल असे कागद सापडतात. वाजिब-उल-अर्ज नावाचा एक कागद असे. त्यात गावाच्या रूढी आणि हक्क लिहिलेले असत. मालगुजारी ३१ मार्च १९५१ ला संपली, कागद मात्र राहिले. वऱ्हाडात रयतवारी होती. तिथे रयतेचे नाव थेट सरकारी खात्यावर चढे. ज्यांचे मूळ गाव सौंसर, पांढुर्णा, मुलताई या भागात आहे, त्यांनी तर मध्यप्रदेशातल्या तहसिलीत आणि भोपाळच्या अभिलेखागारातही चौकशी केली पाहिजे. सरहद्द सरकली, पणजा आपल्या जागीच राहिला.

आता लिपीकडे वळू. जुना कागद उघडला की पहिला धक्का बसतो तो मोडीचा. मराठी आपली, नाव आपले, गाव आपले, आणि अक्षर एकही लागत नाही! याची लाज बाळगण्याचे कारण नाही. जगात असे पुष्कळ ठिकाणी झाले आहे. जर्मनीचे उदाहरण घ्या. तिथे शेकडो वर्षे लोक हाताने लिहीत ते कुरेंट नावाच्या टोकदार, तिरप्या अक्षरात. १९४१ मध्ये नाझी सरकारने ती जुनी अक्षरपद्धती बंद केली. युद्धानंतर शाळेत गेलेल्या पिढीला आजीने आजोबांना लिहिलेले पत्र वाचता येईना. आज तिथले लोक आपल्या घराण्याचा शोध घेताना चर्चच्या जुन्या वह्या उघडतात. बाप्तिस्मा, लग्न, दफन या तीन गोष्टी त्यांत लिहिलेल्या असतात. १८७६ पासून साऱ्या जर्मन साम्राज्यात सरकारी नोंदणीही सुरू झाली. पण अक्षर लावायला त्यांना मुळाक्षरांपासून शिकावे लागते. आपली मोडी अशीच गेली. मुंबई सरकारने १९१७ मध्ये कारभारासाठी बालबोध पुढे केली, आणि स्वातंत्र्यानंतर मोडी हळूहळू शाळेतूनही उठली. दोनतीन पिढ्यांत आपण आपल्याच घराच्या दाराशी परके झालो.

पण मोडी शिकणे कामगाराला अवघड आहे, हे आम्ही मानणार नाही. ज्या माणसाने मागावर हजारो ताण्यांतला तुटलेला एक धागा नजरेने हेरला, त्याला अक्षराचे वळण हेरता येत नाही काय? युक्ती सांगतो. मोडीत लेखक आधी ओळभर रेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली हात शक्य तितका न उचलता लिहीत जाई. शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. म्हणून पहिल्या ओळीपासून वाचायला बसलात तर हमखास अडाल. आधी जे ठाऊक आहे ते शोधा. गावाचे नाव तुम्हाला ठाऊक आहे. ते पानावर असणारच. महिन्याचे नाव असेल. ‘रुपये’ असेल, ‘मौजे’ असेल. एवढ्या शब्दांतून दहाबारा अक्षरे हाती लागतात. ती एका कोऱ्या कागदावर उतरून घ्या. ही त्या लेखकाची बाराखडी झाली. कारण मोडी एक असली तरी प्रत्येक कारकुनाचा हात निराळा. एकाच कारकुनाची मागची पुढची दहा पाने पाहिलीत तर अकरावे पान आपोआप बोलू लागते. जर्मन माणसेही हीच युक्ती करतात. आणि जे अक्षर लागत नाही तिथे मोकळी जागा सोडा. मनाने भरू नका. अंदाजाने भरलेले अक्षर पुढे पुरावा म्हणून मिरवू लागते.

लिपी लागली तरी शब्द अडतात. रकान्यांची नावे पुष्कळशी फार्सीतून आणि अरबीतून आलेली. ‘साकिन’ म्हणजे राहणार. ‘पेशा’ म्हणजे धंदा. ‘वल्द’ आणि ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘बेवा’ म्हणजे विधवा. ‘मयत’ आपल्याला ठाऊकच आहे. ‘मजकूर’ म्हणजे वर सांगितलेला. आता एक जोडी नीट ऐका. ‘कौम’ म्हणजे जात. नागपूरकडच्या कागदात ‘सोमा वल्द लहानू, कौम अमुक’ असे लिहिलेले दिसेल. पण मुंबई इलाख्याच्या दस्तात ‘कोम’ येतो, आणि तिथे ‘सखू कोम रामा’ म्हणजे रामाची बायको सखू! एका मात्रेचा फरक. आणि जुना कारकून मात्रा द्यायला किती काटेकोर होता ते देवच जाणे. ज्याने वाचताना घाई केली, त्याने नवऱ्याच्या नावाची जात करून टाकली. तेव्हा शब्दाचा अर्थ एकट्या शब्दावरून न ठरवता रकान्यावरून ठरवावा. ‘कु.’ हे अक्षर नावाआधी असले तर कुमारी. जातीच्या रकान्यात असले तर ते जातीचे लघुरूप, आणि कोणत्या जातीचे, हे त्याच वहीतल्या दुसऱ्या पानांवर तोच लेखक पुरा शब्द कसा लिहितो त्यावरून पाहावे. एक सुटे पान म्हणजे पुरावा नव्हे, साक्षीदाराचे एक वाक्य आहे. साक्षीदाराची सारी जबानी ऐकावी लागते.

सनांचे कोडे त्याहून सोपे आहे, पण ते माहीत पाहिजे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. वर्षाच्या शेवटच्या तीनचार महिन्यांत ७९. संवतातून ५७ वजा करावेत. १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळाला लोक ‘छप्पन्या’ म्हणत, तो संवत १९५६ वरून. दक्षिणी फसली सनात ५९० मिळवावेत. फसली १३०० म्हणजे १८९०-९१. मराठेशाहीच्या कागदात सुहूर सन असे आणि तो आकड्यांऐवजी अरबी शब्दांत लिहीत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. त्यात ५९९ मिळवा, १७६० येतील. हे वर्ष मृगापासून मृगापर्यंत चाले, म्हणून १७६१ च्या जानेवारीतले पानिपत याच वर्षात पडते. तारखेपूर्वी ‘छ’ दिसला तर ती मुसलमानी महिन्याची चांद्र तारीख समजावी. एवढे गणित तर बाजारात भाजीचा हिशेब करणाऱ्या आमच्या मायबहिणीही उभ्या उभ्या करतील.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येतो: सांगितले कोणी? मध्यप्रांतात खेड्यातल्या जन्ममृत्यूची वर्दी देण्याचे काम गावच्या कोटवाराकडे असे. आज तहसील कचेरीत आपण ‘कोतवाल बुकाची नक्कल’ मागतो ती याच नोंदींची. आमच्या लोकांच्या दृष्टीने या पुस्तकाएवढे मोलाचे दुसरे पुस्तक नाही, कारण त्यात सातबारा नसलेल्या भूमिहीनाचेही नाव आहे. परंतु हे पुस्तक भरले कसे जाई? कोटवार हा गावचा गरीब चाकर, स्वतः बहुधा निरक्षर. तो गावात कानावर आले ते लक्षात ठेवी आणि सांगे. लिहिणारा दुसराच कोणी. जन्माच्या नोंदीत मुलाचे नाव पुष्कळदा नसतेच, कारण बारशाआधीच वर्दी गेलेली असे. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच, आणि पुढे बापाचे नाव. मरणाचे कारण पाहाल तर जिकडेतिकडे ‘ताप’. पटकी आणि देवी तेवढ्या ओळखू येत. बाकी सारे तापात. १९१८ ची मानमोडीची साथ आली तेव्हाचे एखादे पान नशिबाने हाती आले तर ते शांतपणे वाचा. एकाच घरातली दोनदोन, तीनतीन नावे लागोपाठ दिसतात. आपल्या घराण्याची एखादी शाखा एकाएकी का तुटली, ते तिथे कळते. वयेही अशीच. तीस, चाळीस, पन्नास अशा गोल आकड्यांत सारा गाव मरतो. याचा अर्थ कोटवार खोटे सांगत होता असा नव्हे. जन्मतारीख कोणाला ठाऊकच नव्हती.

नावांचेही तेच. जुन्या कागदात आडनाव शोधू नका. माणूस, त्याचा बाप, त्याची जात आणि गाव एवढ्यावर सरकारचे भागत असे. आडनाव चिकटले ते पुष्कळदा शाळेत नाहीतर कारखान्यात. आमच्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. एका विडी कामगार बाईंच्या मुलाचा अर्ज एका कचेरीने परत केला. कारण काय, तर आजोबांचे नाव कोतवाल बुकात ‘दसरू’ आणि शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात बापाच्या नावापुढे ‘दशरथ’. कचेरीच्या मते ही माणसे दोन. बाई रडकुंडीला आल्या. आम्ही म्हटले, रडू नका ताई, तिसरा कागद शोधू. बंदोबस्ताच्या कागदात शेताचा तुकडा सापडला. तिथे नाव होते दसरू, बाप तोच, खसरा नंबर अमुक. काही वर्षांनी त्याच नंबरावर दशरथ, बाप तोच, आणि शेजारच्या दोन्ही धुऱ्यांवरचे शेतकरीही तेच. शेत काही चालत गेले नव्हते! दोन नावांचा माणूस एक ठरला. यातून शिकण्यासारखे एवढेच की, नावाने नाव सिद्ध होत नसेल तर जागेने करावे, शेजाऱ्याने करावे. गरीब माणूस कागदावर एकटा कधीच नसतो. त्याच्या आजूबाजूला गाव असते.

कधी नाव तेच राहते आणि शेजारचा शब्द बदलतो. या शहराला त्याचे कारण सांगायला नको. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतरच्या शाळेच्या रजिस्टरात ‘बौद्ध’ हा शब्द येतो, त्याआधीच्या कोतवाल बुकात ‘महार’. वाचणाऱ्या पोराला प्रश्न पडतो, आपले घराणे कोणते? पोरा, दोन्ही तुझेच. पहिला शब्द दुसऱ्याने तुझ्या आजाला लावला. दुसरा तुझ्या आजाने स्वतः स्वीकारला. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळायला पुढे १९९० सालचा कायदा यावा लागला, आणि त्यासाठी तो पहिला शब्दही जपून ठेवावा लागतो. कागद असा कधी जखमही दाखवतो आणि औषधाचे काम त्याच कागदाकडून करून घ्यावे लागते.

एका शब्दावर किती लोकांचे आयुष्य टांगलेले असते ते नागपूरने पाहिले आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला ‘गोंड गोवारी’ या यादीतल्या दोन शब्दांचा अर्थ काय, एवढ्याच प्रश्नासाठी गोवारी बांधव विधिमंडळावर मोर्चा घेऊन आले, आणि चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले. त्यांत बाया होत्या, लहान मुले होती. शब्द नीट लिहिणे आणि नीट वाचणे ही पंडितांची करमणूक आहे असे ज्याला वाटत असेल, त्याने त्या शहीद स्मारकापाशी क्षणभर उभे राहावे.

आता आमच्या घरच्या कागदांविषयी, म्हणजे गिरणीच्या. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. तेव्हापासून या शहराच्या कित्येक घराण्यांचा इतिहास मस्टरवर लिहिला गेला. खेड्यातला सोमा वल्द लहानू शहरात आला आणि तिकीट नंबर झाला. मस्टर इंग्रजीत; लिहिणारा जसे ऐके तसे स्पेलिंग करी, आणि ते स्पेलिंग मग मुलांच्या शाळेत, रेशनकार्डावर, सगळीकडे आडनाव होऊन बसे. मस्टरवर खाते, पाळी, वेतन असे. १९५२ च्या कायद्याने प्रॉव्हिडंट फंड आला, त्याच्या अर्जावर वारसाचे नाव आले. १९५४ मध्ये नागपुरात विमा योजना आली, तिच्या कार्डावर सारे कुटुंब आले. विडी कामगारांना १९६६ च्या कायद्यानंतर ओळखपत्र आणि लॉगबुक मागता येऊ लागले. विडी वळणाऱ्या बाईचे स्वतःचे नाव, कोणाची बायको म्हणून नव्हे तर कामकरीण म्हणून, पुष्कळ घरांत पहिल्यांदा तिथे आले. हे वंशावळीचे कागद आहेत, बंधूंनो! पण २००२ मध्ये एम्प्रेस मिल कायमची बंद झाली. गिरणी बंद पडली की यंत्रे भंगारात जातात, जमीन बाजारात जाते. यंत्रांची आणि जमिनीची किंमत करायला माणसे धावत येतात, मस्टरची किंमत करायला कोणी येत नाही. म्हणून आम्ही जिथे जिथे कारखाना बंद पडतो तिथे देण्यांच्या यादीबरोबर हीही मागणी घालतो की, हजेरीचे आणि फंडाचे दप्तर जपून सुरक्षित जागी द्या. मालकाला ही मागणी चमत्कारिक वाटते. कामगाराच्या नातवाला ती तशी वाटणार नाही.

दूरदेशी गेलेल्या आपल्या माणसांची कहाणीही अशीच आहे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात गिरमिटावर मॉरिशसला जे मजूर नेले, त्यांत कोकणातले मराठी लोक होते. त्यांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत: नंबर, जहाज, बापाचे नाव, गाव, जात. ऊस तोडायला नेलेल्या मजुराची ही मोजदाद मळेवाल्यांच्या सोयीसाठी होती. आज त्याच वहीच्या आधारे चौथ्यापाचव्या पिढीची माणसे आपले गाव शोधत कोकणात येतात. ज्याने मोजले त्याचा हेतू एक, आणि नातवाने त्या कागदातून काढलेला अर्थ दुसरा.

इथे एक इशारा दिल्यावाचून पुढे जाणे बरे नाही. ज्या जर्मनीचे उदाहरण आम्ही मघाशी दिले, तिथेच १९३३ मध्ये हिटलरच्या सरकारने कायदा केला की, सरकारी नोकराचे आजेआजी ‘आर्य’ असले पाहिजेत. लोक चर्चच्या वह्यांतून आजाआजीचे दाखले काढायला धावले. १९३५ च्या कायद्यांनी तर आजेआजी मोजून नागरिकत्व ठरवले. ज्या वहीत बाळाच्या बाप्तिस्म्याचा आनंद लिहिला होता, तीच वही लाखो निरपराध ज्यू माणसांच्या मरणाच्या यादीला उपयोगी पडली. म्हणून वंशावळ शोधताना मनाशी एक खूणगाठ बांधून ठेवावी. पूर्वज शोधायचे ते हक्कासाठी आणि प्रेमासाठी. दुसऱ्यापेक्षा आपले रक्त थोर ठरवण्यासाठी नव्हे. आमच्या अनुभवात जुने कागद वाचणाऱ्याचा ताठा उतरतो. दुष्काळात कोण कोणत्या गावाला पळाले, कोणाच्या घरात कोण वाढले, हे पाहिले की शुद्ध वंशाच्या गप्पा फिक्या पडतात.

दुसरा इशारा प्रामाणिकपणाचा. गरज मोठी असली की मोह होतो. जुन्या वहीतल्या मोकळ्या रकान्यात नव्या शाईने एक शब्द घुसवून देणारे दलाल कचेऱ्यांभोवती फिरतात. त्यांच्या नादी लागू नका. पडताळणी समितीचे दक्षता पथक मूळ वही पाहते. शाई पाहते, हात पाहते, मागचे पुढचे पान पाहते. एक खोटा शब्द सापडला की तुमचे दहा खरे कागदही संशयात जातात, आणि त्याच गावच्या पन्नास खऱ्या माणसांचे काम अडते. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले आहे की, संविधानापूर्वीच्या कागदांचे पुराव्याच्या दृष्टीने मोल फार मोठे आहे. ज्याचे मोल मोठे, ते निर्मळ राखण्याची जबाबदारीही मोठी. संप फोडणारा एक असला तरी नुकसान साऱ्यांचे होते, तसाच हा प्रकार आहे.

मग करायचे काय? आम्ही चार कामे सुचवतो. पहिले, आजच घरी जाऊन घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा. सात पिढ्या नकोत, तीन पिढ्यांची नावे, गावे, टोपणनावे, आत्या आणि मावश्या कोठे दिल्या, हे लिहून घ्या. बायकांना हे पुरुषांपेक्षा जास्त ठाऊक असते. दुसरे, मूळ गावाची तहसील कचेरी, भूमी अभिलेख कार्यालय, जुनी प्राथमिक शाळा, आणि शहरात असाल तर महापालिकेचे जन्ममृत्यू खाते, अशा क्रमाने अर्ज करा. नागपुरात पुराभिलेख विभागाची कचेरी आहे, तिचाही उंबरठा ओलांडा. १९५१ च्या शिरगणतीच्या वेळी गावोगाव राष्ट्रीय नागरिक नोंदवही तयार झाली होती. तिचीही चौकशी करा. नक्कल घ्यायची ती प्रमाणित घ्या आणि जमल्यास त्या नोंदीच्या मागचे पुढचे पानही डोळ्यांखाली घाला. ‘रेकॉर्ड सापडत नाही’ असे तोंडी उत्तर आले तर ते लेखी मागा. २००५ पासून माहितीचा अधिकार आपल्याजवळ आहे. तिसरे, दर वस्तीत निदान दोन मुलामुलींनी मोडी शिकावी. २०२३ च्या सप्टेंबरात शासनाने कुणबी नोंदी तपासण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा मोडी वाचणारे शोधताना केवढी धावपळ झाली! हे ज्ञान आमच्या पोरांजवळ असेल तर त्यांना दुसऱ्याच्या दारात ताटकळावे लागणार नाही, आणि चार पैसेही मिळतील. चौथे, आपले स्वतःचे कागद जपा. पगाराची पावती, फंडाची चिठ्ठी, विडीचे लॉगबुक, विम्याचे कार्ड, युनियनच्या वर्गणीची पावतीसुद्धा. त्यावर तारीख आहे, नाव आहे, कामाची जागा आहे. फोटोच्या मागे कोण उभे आहे ते लिहून ठेवा. आज तुम्ही कचरा म्हणून जो कागद फेकाल, तोच साठ वर्षांनी कोणी पोर उन्हातान्हात शोधत हिंडेल.

बंधुभगिनींनो, इतके दिवस आपल्याला दुसऱ्यांनी लिहिले. कोणी साऱ्यासाठी, कोणी वेठीसाठी, कोणी मस्टरसाठी. त्यांनी आपले नाव वेडेवाकडे का होईना लिहिले, याबद्दल त्या अनाम कारकुनांचे आणि त्या पायपीट करणाऱ्या कोटवाराचे आभार मानू. परंतु यापुढे आपले नाव आपल्या हाताने, पुरे आणि स्वच्छ लिहिण्याचे काम आपले आहे. बापाच्या नावाबरोबर आईचेही लिहा. जुन्या वह्यांनी तिच्यावर फार अन्याय केला आहे.